चाळीस पाठ, कापलेले सेकंद

१५ फेब्रु., रविवार

उपासनेनंतर सगळ्यांना थांबवून घेतलं. पाळकसाहेबांची (यापुढे पा.सा.) नवी योजना. साळवेकाका आमच्या चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी, त्यांनी भिंतीवर प्रोजेक्टर लावला. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत ‘तंत्रद्यानातून शिष्य’. मला घाम फुटला. सांगावं की गप्प बसावं, यातच तीन पानं पुढे गेली.

योजना अशी. बुधवारच्या बायबल अभ्यासाला अकरा माणसं येतात. बाकीची ड्युटीवर. कोणी नर्स, कोणी वॉचमन, कोणी मॉलमध्ये, कोणी रिक्षावर. पा.सा. म्हणाले, ते येऊ शकत नाहीत तर आपण त्यांच्या कानापर्यंत जाऊ. ईस्टरआधीचे उपवासाचे चाळीस दिवस, रविवार सोडून, रोज सकाळी सहाला व्हॉट्सॲपवर आवाजी पाठ. शेवटी एक प्रश्न. तो प्रश्न पुढे ढकलायचा नाही. प्रत्येकाने एक माणूस निवडायचा, संध्याकाळी त्याला फोन करायचा, प्रश्न विचारायचा आणि त्याचं ऐकून घ्यायचं.

‘फॉरवर्ड करून शिष्य होत नाही,’ पा.सा. म्हणाले. ‘फोन करून होतो का, बघू या.’

पाठ किती मिनिटांचा, यावर वाद. साळवेकाका म्हणाले पंधरा. पाळकीणबाई मागून म्हणाल्या, ‘कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत बाया ऐकतील. पुढे नाही.’ चार मिनिटं ठरलं.

रेकॉर्डिंग, सफाई, पाठवणं: मी. नाव घेतलं तेव्हा वाटलं दुसरा कोणी नथू असेल. स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करतो, एवढीच माझी लायकी. नववीत सोडलेली शाळा. साळवेकाका फक्त म्हणाले, ‘नथू, वाट लावू नकोस हं.’

जाताना पा.सा. जवळ येऊन हळूच म्हणाले, ‘ज्ञ चुकलाय ना? पुढच्या वेळी तू तपास.’ म्हणजे त्यांनी माझा चेहरा बघितला होता. हायसं वाटलं.

१७ फेब्रु., मंगळवार

पहिलं रेकॉर्डिंग. पा.सा.च्या आतल्या खोलीत. खिडकीला गादी उभी केली, दाराला ब्लँकेट. तरी रिक्षांचे हॉर्न येतातच. पा.सा. खुर्चीत, मी जमिनीवर, फोन मध्ये तीन उशांवर.

फोनमधल्या ॲपमध्ये आवाजाची लाट दिसते. बोललं की डोंगर, थांबलं की सपाट. सपाट जागा कात्रीने कापायची. नियम केला: एका सेकंदापेक्षा मोठा थांबा दिसला की कापायचा. खोकला, खाकरणं, ‘अं’, सगळं. मूळ फाइल पुसायची नाही, वेगळी ठेवायची. इथे रोज लिहीन. ‘का.’ म्हणजे कापलेले सेकंद.

पाठ १. का. ११ से.

१८ फेब्रु., बुधवार

पावणेसहापासून फोन हातात. बरोबर सहाला पाठवला. मग भीती. चुकीच्या ग्रुपवर तर गेला नाही? तीनदा उघडून बघितलं. बरोबर होता.

पहिलं उत्तर सुमनमावशींचं. डोंगरावर राहतात, वाचता येत नाही, पण आवाज पाठवता येतो. सहा मिनिटांचा आवाज! पाठापेक्षा उत्तर मोठं. त्यात पाणी किती वाजता आलं तेही. शेवटी: ‘मी माझा एक माणूस कोण निवडलाय सांगू? आमची सून. कुर्ल्याची. दोन वर्षं बोलत नाही माझ्याशी. आता प्रश्न विचारला की द्यावंच लागेल उत्तर, पाळकसाहेबांचा प्रश्न आहे म्हटल्यावर. बघतेच.’

आई हसून हसून लाल.

२१ फेब्रु., शनिवार

पाठ ४. का. १४. मधेच भंगारवाला ओरडला, ‘भंगाऽऽर’. नेमका ‘जुनं टाकून द्या’ या वाक्यावर. कापला तर वाक्य तुटत होतं. ठेवला. जीव मुठीत घेऊन पाठवला.

लोकांना तोच पाठ सगळ्यात आवडला. साळवेकाकासुद्धा: ‘झकास टायमिंग. मुद्दाम बोलावलास काय रे?’

उगाच घाबरलो.

२५ फेब्रु., बुधवार

पाठ ८, उद्यासाठी. का. २७.

हे वाढतंय. आधी वाटलं पा.सा. विचार करत थांबतात. पण विचाराचा थांबा वाक्य संपल्यावर येतो. हे थांबे वाक्याच्या मधे आहेत. ‘आपण आपल्या शेजाऱ्याला’ आणि थांबा. ‘क्षमा’ आणि थांबा. त्या सपाट रेषेवर आवाज मोठा करून ऐकला. सपाट नाही. आत श्वास आहे. जिना चढून आल्यासारखा. पण ते अर्धा तास खुर्चीत बसलेले होते.

मी विचारलं, ‘साहेब, बरं नाही का?’ म्हणाले, ‘ॲसिडिटी. बाईंनी काल वांगी केली होती.’

बरं.

२८ फेब्रु., शनिवार

पाठ ११ सोमवारसाठी आजच केला. का. ३८. तीन वेळा थांबून पाणी प्यायले. पाय सुजल्यासारखे दिसले, चपलेचा पट्टा रुतलेला. मी बघतोय हे त्यांनी बघितलं.

‘नथू, तू ते मधलं कापतोस ना?’
‘हो.’
‘ऐकणाऱ्याला कळत नाही ना?’
‘नाही साहेब.’
‘मग झालं तर. ईस्टरपर्यंत जाऊ दे. मग दाखवतो डॉक्टरला. हे तुझ्या-माझ्यात.’

मी हो म्हटलं. पा.सा.ना नाही म्हणायची सवयच नाही मला. शाळा सोडली तेव्हा बाबा गेलेले, आई भांडी घासायला जायची. पा.सा.नी मला रोज संध्याकाळी गीतपुस्तकातलं एक पान शुद्ध लिहायला बसवलं. दोन वर्षं. आज दुकानात लोक म्हणतात, ‘ह्याच्याकडे दे, चुकणार नाही.’ ते त्या पानांमुळे.

तर हो म्हटलं.

४ मार्च, बुधवार

पाठ १४. का. ५२. चार मिनिटांचा पाठ, बोलायला पाच मिनिटं लागतायत. कापून झाल्यावर ऐकला. चाळिशीतला माणूस बोलतोय असं वाटतं. काम चांगलं झालं. मग मूळ फाइल परत लावून ऐकली.

सुमनमावशी: सुनेने आज प्रश्नाचं उत्तर दिलं आणि फोन ठेवायच्या आधी ‘जेवलात का’ विचारलं. मावशी: ‘मी म्हटलं जेवले. जेवले नव्हते. घाई झाली सांगायची.’

७ मार्च, शनिवार

रूथताईचा आवाज आला. पा.सा.ची मुलगी, मस्कतला नर्स. मला कधी वेगळा मेसेज करत नाही. शब्दशः उतरवतो, कारण सारखं ऐकावं लागू नये.

‘नथू, थँक्यू हं. रोज बसमध्ये ऐकते. आई सारखी म्हणते बाबा जिन्यात थांबतात, रात्री उठून बसतात, ये. मी तिला म्हटलं, अगं आवाज ऐक त्यांचा. चार मिनिटं एका दमात बोलतात. दम लागणाऱ्या माणसाला जमेल का हे? माझी रजा मे मध्ये आहे, तेव्हाच येते आता. तुझ्यामुळे जिवाला शांतता आहे बघ.’

माझ्यामुळे.

पाळकीणबाईंना कळत होतं. त्या सांगत होत्या. आणि मी रोज सकाळी सहाला सव्वाशे माणसांसमोर त्यांना खोटं पाडत होतो.

८ मार्च, रविवार

उपासनेत पा.सा. प्रवचनाच्या मधे थांबले. पुलपिट दोन्ही हातांनी धरलं. मागच्या बाकावर कोणी तरी रडलं.

घरी येताना आई: ‘किती भरून आलं होतं आज त्यांना.’

भरून आलं नव्हतं. मी थांबे मोजतो, मला कळतं. नऊ सेकंद.

शब्द दिलाय. शब्द मोडला तर ते मला परत आतल्या खोलीत बसवणार नाहीत. योजनाही बंद पडेल, सगळे म्हणतील नथूमुळे. नाही मोडला तर

आईला विचारलं, नाव न घेता. एखाद्याने सांगितलंय कोणाला सांगू नको, आणि न सांगितलं तर त्याचंच नुकसान. आई भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, ‘पाळकसाहेबांना काय झालंय?’

सगळं सांगितलं. आई म्हणाली, ‘उद्या सकाळी रूथला फोन कर. तू केला नाहीस तर मी करते, आणि मला नीट सांगता येणार नाही.’

९ मार्च, सोमवार

पाठ १७ सहाला गेला. का. ६१. तो शेवटचा कापलेला.

सव्वासहाला रूथताईला फोन केला. तिकडे पावणेपाच. घाबरून उचलला. मी म्हटलं, ‘ताई, मी थांबे कापतो.’ तिला कळेना. मग वही उघडून वाचलं. पाठ १, अकरा. पाठ ४, चौदा. पाठ ८, सत्तावीस. पाठ ११, अडतीस. पाठ १४, बावन्न. आजचा, एकसष्ट.

ती एकदम कोरड्या आवाजात: ‘मूळ रेकॉर्डिंग आहेत?’

‘सगळी आहेत. पुसली नाहीत.’

‘पहिलं आणि शेवटचं पाठव. आत्ता.’

पाठवली. सात मिनिटांनी तिचा फोन. ‘बोलताना वाक्य कुठे तुटतं, ते आम्ही मोजतो रे. एका श्वासात किती शब्द. तू नेमकं तेच काढून टाकत होतास. आता आईला फोन करतेय. तू रिक्षा घेऊन खाली उभा राहा. जिना उतरताना त्यांना घाई करू देऊ नको.’

साडेसातला पा.सा. खाली आले. मला रिक्षात बघितलं. पाळकीणबाई त्यांच्या शेजारी बसल्या. मी ड्रायव्हरशेजारी, सीटच्या कडेवर. मुलुंडपर्यंत मागे वळून बघायची हिंमत झाली नाही.

रुग्णालयात छातीला तारा लावल्या. पडद्यावर लाट सुरू झाली. माझी नजर पहिली कुठे गेली? सपाट जागा कुठे आहे, तिकडे. सवय.

फुप्फुसात पाणी झालंय. हृदयाकडे जाणाऱ्या दोन नळ्या जवळजवळ बंद. डॉक्टर पाळकीणबाईंना म्हणाले, ‘आज आणलंत ते बरं केलंत. चार दिवसांनी आणलं असतं तर मी काही बोलू शकलो नसतो.’ मग विचारलं, दम कधीपासून लागतो. पाळकीणबाई म्हणाल्या, ‘पंधरा दिवस, महिना, नक्की नाही सांगता येत.’ मी वही पुढे केली. डॉक्टरांनी त्या पानाचा फोटो काढला. म्हणाले, ‘हे कोणी लिहिलं?’

मी म्हटलं, मी. शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं, आणि लगेच लाजही.

१० मार्च, मंगळवार

पाठ १८ नाही. सहाला एवढंच लिहून पाठवलं: पाळकसाहेब रुग्णालयात आहेत, प्रार्थना करा. तीनदा वाचलं, शुद्ध होतं.

नऊपर्यंत फोन गरम. सगळ्यांचं एकच: ‘काल तर किती खणखणीत बोलत होते!’ उत्तर दिलं नाही.

११ मार्च, बुधवार

झालं. दोन स्टेंट. साडेबाराला आत नेलं, दोनला बाहेर. पाणी औषधाने बरंच उतरलंय. पाळकीणबाई बाकावर बसून होत्या, डॉक्टर बोलून गेल्यावर त्यांनी पिशवी उघडली आणि डबा काढला. ‘सकाळपासून तू काही खाल्लं नाहीस.’ वांग्याची भाजी. एकमेकांकडे बघितलं आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता रडल्या. म्हणाल्या, ‘बिचाऱ्या वांग्यावर ढकलत होते रे.’

मी तीन पोळ्या खाल्ल्या. गेले कित्येक दिवस जेवणाला चव नव्हती हे आज कळलं.

१२ मार्च, गुरुवार

रूथताई आली. विमानतळावरून थेट. मी पायऱ्यांवर उभा होतो, पळून जावं असं वाटत होतं. तिने बॅग खाली ठेवली.

‘विमानात तुझ्यावर खूप चिडले होते.’

‘हो ताई.’

‘उतरेपर्यंत संपलं. तू फोन केला नसतास तर चार दिवसांनी मी कोणाला भेटायला आले असते सांग.’ मग बॅग माझ्या हातात दिली. ‘चल, धर. जड आहे.’

बॅग खरंच जड होती. एवढं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

१३ मार्च, शुक्रवार

साळवेकाका दुकानात आले. झेरॉक्स काढायचं निमित्त. ‘नथू, लोक विचारतायत पाठ कधी. माझा भाचा सांगत होता, आता आवाज बनवता येतो. पा.सा.चे सतरा पाठ आहेत तुझ्याकडे. तेवढे पुरतात. आपण मजकूर लिहायचा, मशिन त्यांच्या आवाजात बोलणार. त्यांना आराम आणि योजना चालू. आधुनिक तंत्रज्ञान म्हणतात ते हेच ना?’

त्यांच्या मनात वाईट काही नाही. त्यांनाच सगळ्यात जास्त काळजी, रोज दोनदा रुग्णालयात जातात.

दुपारी दुकानात कोणी नव्हतं. करून बघितलं, एकच वाक्य. ‘सलाम, प्रिय बंधुभगिनींनो.’ दोन मिनिटांत तयार. हुबेहूब पा.सा. अंगावर काटा आला. परत ऐकलं. या आवाजाला कशाचाच दम लागत नव्हता. दोन तास बोलला असता. शंभर वर्षं बोलला असता. मीही तीन आठवडे हेच बनवत होतो, फक्त हाताने.

पुसलं. ॲपही काढून टाकलं. साळवेकाकांना फोन करून म्हटलं, ‘काका, जमत नाही.’ खरं तर जमलं होतं. हे खोटं इथे कबूल करून ठेवतो.

१४ मार्च, शनिवार

पा.सा.ना भेटलो. आज सामान्य वॉर्डात आणलंय. रूथताईने मला आत ढकललं आणि दार ओढून घेतलं.

ते उशीला टेकून. मी पायाशी उभा. पाय आता सुजलेले नाहीत, घोट्याचं हाड दिसतं.

‘नथू, माझं एवढं सगळं कापलंस,’ पा.सा. म्हणाले, ‘आणि जे लपव म्हटलं तेच नेमकं उघडं केलंस.’

‘साहेब, शब्द मोडला मी.’

‘मोडलास. मला राग आला होता. रिक्षात तुझ्या मानेकडे बघून राग आला.’ थांबले. मी सवयीने मोजायला लागलो. दोन सेकंद. साधा थांबा, वाक्य संपल्यावरचा. ‘मी तुझ्याकडून तो शब्द घ्यायलाच नको होता. पोराकडून असलं मागत नाहीत. ती माझी चूक.’

पाच पाठ बुडाले, त्यांचे क्रमांक सोडायचे की पुढे ओढायचे, ते विचारलं. पा.सा. इतके हसले की बाहेरून नर्स आली.

‘रिकामे ठेव. त्या दिवसांचा पाठ तोच होता.’

साळवेकाकांची मशिनची गोष्टही सांगितली. मी केलेलं वाक्यही. पा.सा. डोळे मिटून ऐकत होते. ‘मशिन वाईट नाही रे. तुझ्या फोननेच मला इथे आणलं. पण मी सतरा दिवस बोललो, आता कुठे कळतंय, मी एकटाच बोलत होतो. सुमनबाईंना विचार, सोमवारचा पाठ त्या देतील का.’

‘सुमनमावशी? चार मिनिटं?’

‘ती तुझी अडचण,’ म्हणाले.

१६ मार्च, सोमवार

पाठ २३. सुमनमावशी. रेकॉर्डिंग त्यांच्या घरी, डोंगरावर. अकरा मिनिटं बोलल्या. चारवर आणायचं म्हणून कात्री घेतली. पण थांबे कापायचे नाहीत असं मनाशी ठरवलं होतं, म्हणून फक्त पाणी, गॅस सिलिंडर आणि शेजारणीचं लग्न काढलं. सुनेचं ठेवलं.

‘रोज प्रश्न विचारायची मी. ती रोज उत्तर द्यायची. एके दिवशी तिनेच विचारलं, तुमचं उत्तर काय? (मोठा थांबा, मागे कोंबडा) माझ्याकडे उत्तरच नव्हतं हो. मी कधी स्वतःला विचारलंच नव्हतं.’

कोंबडाही ठेवला.

उत्तरं एवढी आली की वाचून संपेनात. रात्रपाळीचा एक वॉचमन, कधीच बोलला नव्हता: ‘मावशी थांबल्या तेव्हा मी पण थांबलो. गेटवर. गाडीवाला हॉर्न मारत होता.’

२० मार्च, शुक्रवार

पा.सा. घरी. जिना एकेक पायरी, प्रत्येक मजल्यावर खुर्ची. शेजाऱ्यांनी आपापल्या दारातली खुर्ची बाहेर काढून ठेवली होती, कोणी सांगितलं नव्हतं. महिनाभर प्रवचन बंद. नंतरचं तपासणीत ठरेल.

संध्याकाळी त्यांचा फोन. ‘नथू, तुझा एक माणूस कोण?’

मी म्हटलं, ‘मी तांत्रिक बाजू बघतो साहेब.’

‘एवढे दिवस कोणाला फोनच केला नाहीस? सगळ्यांना पाठवत होतास आणि स्वतः?’

‘नाही केला साहेब.’

‘मग मला कर. मी घरीच आहे. सहाला. प्रश्न तू विचारायचा.’

२४ मार्च, मंगळवार

रोज संध्याकाळी सहाला पा.सा.ना फोन. पहिल्या दिवशी प्रश्न कागदावर लिहून वाचला. ते सात-आठ शब्द बोलतात, मग थांबतात. मी थांबतो. आता मोजत नाही. आज मोजत नाही हे मोजल्यासारखं लक्षात आलं, मग हसू आलं.

आता रोज मंडळीतलं वेगळं कोणी पाठ देतं. आजचा पाठ ३०, मॉलमधल्या मुलीचा. ट्रायल रूममध्ये उभं राहून केला होता. कुजबुजत. साळवेकाकांचं म्हणणं, दर्जा घसरला. पण ऐकणारे वाढलेत, हेही त्यांनीच सांगितलं.

२९ मार्च, रविवार

झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. पा.सा. आले नाहीत, पण मिरवणूक त्यांच्या बिल्डिंगखालून नेली. ते गॅलरीत बसून होते. हात वर केला. खालून सुमनमावशी ओरडल्या, ‘साहेब, जेवलात का?’ शेजारी त्यांची सून होती. मी पहिल्यांदा बघितली. मावशींपेक्षा जास्त बडबडी आहे.

रूथताई मंगळवारी परत जाते. मला म्हणाली, ‘आता मूळच पाठवत जा हं.’

१ एप्रिल, बुधवार

पा.सा.: ‘चाळिसावा पाठ तू दे.’

मी म्हटलं, मी नववी. मी पाळक नाही. मी लिहू शकतो, बोलू शकत नाही. मला चारचौघांत ज्ञ चुकलाय एवढं सांगता येत नाही. सगळी कारणं एका दमात सांगितली.

‘झालं?’ पा.सा. म्हणाले. ‘चार मिनिटं तर बोललास.’

३ एप्रिल, शुक्रवार

गुड फ्रायडे. क्रूसाच्या उपासनेला बारा ते तीन हॉल भरलेला. पा.सा. शेवटचा अर्धा तास आले. मागच्या बाकावर पाळकीणबाईंशेजारी बसले, आमच्यासारखे. पुलपिटवर दुसऱ्या मंडळीचे पाळक होते. परवाच्या ईस्टरला निदान आशीर्वाद तरी देता येईल का, डॉक्टर उद्या तपासून सांगणार. पुढे कमिटीलाही ठरवायचंय, ईस्टरनंतर हे पाठ चालू ठेवायचे की नाही. साळवेकाका म्हणतात, नवीन योजना आणू. नवं प्रेझेंटेशन केलंय. तपासून दिलं. एकही चूक नव्हती, त्यांनी भाच्याकडून करून घेतलं होतं.

पाचला घरी. आई शेजारी गेली. खिडकीला गादी लावली, फोन उशीवर.

लिहून काढलं होतं, शुद्ध. कागद बाजूला ठेवला. तीनदा सुरू केलं, तीनदा बंद. चौथ्या वेळी सांगितलं. पाळकसाहेबांचे थांबे मी कापत होतो. त्यांना दम लागत होता आणि तुम्हाला कळू दिलं नाही, ते काम माझं होतं. तुम्ही म्हणायचात किती खणखणीत आवाज, तेव्हा मी गप्प राहायचो. एवढं बोलून पुढचं आठवेना. पुढे बरंच होतं कागदावर. काहीच आलं नाही. बाहेर कोणी तरी बादली ओढत नेली. मग म्हटलं, आजचा प्रश्न: तुमच्या माणसाला दम लागतोय का, त्याला विचारलंत का?

फोन बंद केला. पाणी प्यायलो.

आई आणि पा.सा.च्या घरच्यांव्यतिरिक्त मंडळीत हे कोणालाच माहीत नाही. उद्या सकाळी सहाला सव्वाशे घरांत कुकर लागलेले असतील. साळवेकाका काय म्हणतील? मावशी काय म्हणतील, तेही सहा मिनिटं?

संध्याकाळी सहाला पा.सा.ना फोन केला. म्हणाले, ‘झाला का पाठ? कसा झालाय?’

‘मधे थांबा आहे साहेब.’

‘किती?’

‘मोजला नाही.’

आता मोजला. तेवीस सेकंद. जवळजवळ सपाट, नुसती बादली आणि माझा श्वास. लाट समोर उघडी आहे, कात्रीचं चिन्ह कोपऱ्यात, तिथेच राहू दे. सकाळी सहाचा गजर लावलाय.